बिद्रीहून महोत्सव किती लांब?

बिद्री म्हटले की जिल्ह्यात कुणालाही दूधगंगा-वेदगंगा साखर कारखाना आठवतो. कोल्हापूरहून गारगोटीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे कागल तालुक्यातले हे गाव. हंगाम सुरू झाला की रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते आणि हवेत मळीचा वास भरून राहतो. अशा गावाचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाशी काय संबंध, असे कुणी विचारले की आम्ही एकच नाव सांगतो: शेख फत्तेलाल.

फत्तेलाल आमच्याच तालुक्यातले, कागलचे. चित्रपटसृष्टी त्यांना ‘साहेबमामा’ म्हणून ओळखते. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत ते घडले. १९२९ मध्ये व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासोबत त्यांनी कोल्हापुरातच ‘प्रभात’ कंपनी उभी केली. पुढे १९३३ मध्ये ‘प्रभात’ पुण्याला गेली. तिथे दामले-फत्तेलाल या जोडीने १९३६ मध्ये ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात त्याचा गौरव झाला. भारतात स्वतःचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरायला त्यानंतर पंधरा वर्षे लागली. तो १९५२ मध्ये मुंबईत भरला.

म्हणजे वारकरी संतावरचा मराठी चित्रपट कागलच्या एका मुसलमान कलावंताने आपल्या मित्रासोबत घडवला आणि तो जगाच्या महोत्सवात पोहोचला. तेव्हा महोत्सव ही शहरातल्या चार शिकलेल्या लोकांची चैन आहे, त्यात आपले काय, असे निदान आम्हा कागल तालुक्यातल्या लोकांनी तरी म्हणू नये. महामारीनंतर हे महोत्सव पुन्हा माणसांनी भरले. त्या गर्दीत आपल्या घरातले कोण होते आणि कोण नव्हते, याचा विचार व्हावा म्हणून हा लेख.

पडदे अंधारले

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातली चित्रपटगृहे बंद झाली. त्या वर्षी मे महिन्यातला फ्रान्समधला कान महोत्सव नेहमीसारखा भरू शकला नाही. आपल्या राज्यात ५ नोव्हेंबर २०२० ला चित्रपटगृहे निम्म्या आसनांवर उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला परत उघडली. मधल्या काळात पडद्यामागे काम करणाऱ्या किती जणांची रोजीरोटी थांबली, ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. दिवे लावणारे, कपडे शिवणारे, जेवण पुरवणारे, गाड्या चालवणारे असे अनेक हात या धंद्यावर जगतात.

या अंधारात माणसांना पुन्हा एकत्र बसवणारा पहिला मोठा महोत्सव व्हेनिसचाच होता. सप्टेंबर २०२० मध्ये तो प्रत्यक्ष भरला. तोंडावर मास्क, दारात ताप तपासणारे यंत्र, आधी ठरवून घेतलेली जागा आणि शेजारची खुर्ची रिकामी, असा तो सगळा बंदोबस्त होता. त्या महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत एक मराठी चित्रपट होता, चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’. शास्त्रीय गायन शिकणाऱ्या एका तरुणाची ही गोष्ट. तिला उत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळाला. १९३७ साली ज्या गावी ‘संत तुकाराम’ पोहोचला, त्याच गावी त्र्याऐंशी वर्षांनी, जग निम्मे बंद असताना, मराठी पुन्हा ऐकू आली.

मोबाइलच्या पडद्यावरचा महोत्सव

आपल्याकडच्या महोत्सवांनी दुसरी वाट धरली. गोव्याचा भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, ज्याला सगळे ‘इफ्फी’ म्हणतात, नोव्हेंबर २०२० मध्ये व्हायचा होता. तो १६ ते २४ जानेवारी २०२१ ला झाला. काही चित्रपट पणजीत पडद्यावर आणि काही घरबसल्या इंटरनेटवर अशी त्याची विभागणी होती. पुण्याचा महोत्सव म्हणजे ‘पिफ’. त्यानेही मार्च २०२१ मध्ये चित्रपट ऑनलाइन दाखवले.

आमच्यासारख्या घरांना महोत्सवाचे दार पहिल्यांदा उघडले ते तेव्हाच. पुण्यात शिकणारा आमचा पुतण्या टाळेबंदीमुळे घरी आला होता. त्याने नाव नोंदवले आणि घरातल्या बायका पहिल्यांदा अशा चित्रपटांसमोर बसल्या. फोन एकच, तोही दिवसभर मुलांच्या शाळेसाठी अडकलेला. त्यामुळे चित्रपट रात्रीच बघायचा. रेंज गेली की उठून माडीवर जायचे. भाकरी टाकायची असेल तर चित्रपट थांबवायचा, इशाची नमाज झाली की पुढे चालू करायचा.

खरी अडचण भाषेची होती. चित्रपट परदेशी आणि खाली येणारी अक्षरे इंग्रजी. अम्मीला मराठी वाचता येते, दादीला तेही नाही. मग पुतणी ती इंग्रजी वाक्ये वाचून घरच्या बोलीत मोठ्याने सांगायची. दादी मध्येच विचारायची, “ही पोरगी बापाशी का बोलत नाही?” मग चित्रपट थांबायचा आणि त्या पोरीच्या बापावर घरात अर्धा तास चर्चा व्हायची. भाभी एरवी अशा चर्चेत गप्प असते, पण तीही बोलायची. सिनेमागृहात हे कधीच झाले नसते. एक तर या तिघी तिथपर्यंत गेल्याच नसत्या आणि गेल्या असत्या तरी मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या पोरीला शेजारच्यांनी गप्प बसवले असते.

माणसे पुन्हा जमली

त्यानंतर एकेक महोत्सव परत सभागृहांत आला. पुण्याचा महोत्सव डिसेंबर २०२१ मध्ये प्रत्यक्ष भरला आणि लगेच मार्च २०२२ मध्ये त्याची विसावी आवृत्ती झाली. नोव्हेंबर २०२१ च्या इफ्फीत काही भाग अजून ऑनलाइनच होता, पण त्यात निखिल महाजन यांच्या ‘गोदावरी’ने मराठीची मान उंचावली. चित्रपटाला परीक्षकांचा विशेष पुरस्कार आणि जितेंद्र जोशी यांना उत्कृष्ट अभिनेत्याचा रौप्य मयूर मिळाला. एप्रिल २०२२ मध्ये राज्यातले निर्बंध उठले. माहितीपट आणि लघुपटांचा मुंबईचा महोत्सव २९ मे ते ४ जून २०२२ या काळात झाला. नोव्हेंबर २०२२ मध्ये पणजीत त्रेपन्नावा इफ्फी पूर्वीच्या गर्दीने भरला. मुंबईच्या ‘मामि’ला मात्र परतायला २०२३ चा ऑक्टोबर उजाडावा लागला.

लोक परत का गेले? घरी बसून सगळे दिसत असताना रांगेत का उभे राहिले? याचे उत्तर आपल्याला दुसऱ्या एका अनुभवातून कळू शकते. इबादत आणि सिनेमा यांची बरोबरी होत नाही, ती आम्ही करतही नाही. पण २०२० आणि २०२१ ची ईद आठवा. नमाज घरीच झाली, शिरखुर्मा घरीच झाला, आणि गळाभेट राहून गेली. ३ मे २०२२ ला ईदगाहवर खांद्याला खांदा लागला तेव्हा कितीतरी जणांचे डोळे भरून आले होते. माणसाला माणसांत बसायचे असते. अंधारात दोनशे अनोळखी माणसे एकाच वेळी हसतात किंवा एकाच वेळी श्वास रोखतात, ते मोबाइलवर होत नाही. चित्रपट संपल्यावर दिग्दर्शक समोर उभा राहतो आणि एखादा विद्यार्थी त्याला अडचणीचा प्रश्न विचारतो. बाहेर चहाच्या टपरीवर दोन अनोळखी माणसे त्याच प्रश्नावर भांडतात. महोत्सवाचा खरा जीव त्यात आहे. तो परत आला याचा आम्हाला आनंदच आहे.

घरी कोण राहिले?

पण आमच्या घरापुरता हिशेब केला तर चित्र वेगळे दिसते. पुतण्या पुण्याला गेला आणि तिथे सभागृहात जाऊ लागला. अम्मी, भाभी आणि दादी जिथे होत्या तिथेच राहिल्या. बिद्रीहून कोल्हापूर तीस-पस्तीस किलोमीटर. संध्याकाळचा चित्रपट संपेपर्यंत परतीच्या एसटीची वेळ निघून गेलेली असते. पुण्याला जायचे तर मुक्काम आला. गोव्याला जायचे तर जाण्यायेण्यातच दोन दिवस मोडतात, आणि इफ्फीचा नोव्हेंबर म्हणजे आमच्याकडे ऊसतोडीची धामधूम. पुरुषाला हे कसेबसे जमते. घरच्या बाईला भाकरी, मुले, म्हातारी माणसे सोडून तीन दिवस महोत्सवाला जाते म्हणायची सोय आपल्या किती घरांत आहे, हे ज्याने त्याने आपल्या घरात बघावे.

आणखी एक प्रश्न आपल्या वडीलधाऱ्यांचा असतो: सिनेमा हवाच कशाला? त्यांची काळजी खोटी नाही. महोत्सवातले सगळेच चित्रपट घरच्यांसोबत बसून बघण्यासारखे नसतात. महोत्सवासाठी आणलेल्या चित्रपटांना सेन्सॉरच्या प्रमाणपत्रातून सूट असते, म्हणून बहुतेक महोत्सवांत अठरा वर्षांखालच्या मुलांना प्रतिनिधी म्हणून प्रवेश मिळत नाही. माहितीपुस्तिकेत प्रत्येक चित्रपटाची गोष्ट थोडक्यात दिलेली असते. ती वाचूनच निवड करावी. पण याच महोत्सवांनी आपल्याला इराणी चित्रपटांची ओळख करून दिली. माजिद माजिदी यांचा १९९७ चा ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ घ्या. गरीब घरातले भाऊ-बहीण एकाच बुटांच्या जोडावर दोघांची शाळा निभावतात, एवढीच त्याची गोष्ट. नाच नाही, मारामारी नाही. बहिणीचे बूट हरवल्याचे आईबापांना कळू नये म्हणून धडपडणारा तो मुलगा आपल्या मोहल्ल्यातलाच वाटतो. रात्री टीव्हीवर घराघरांत जे चालते त्यापेक्षा असा एक चित्रपट मुलांसोबत बघणे केव्हाही बरे, असे आमचे मत आहे.

चार गावांचा महोत्सव

यावर उपाय नाही असे नाही. केरळने तो महामारीतच करून दाखवला. तिथला आंतरराष्ट्रीय महोत्सव दरवर्षी तिरुवनंतपुरमला भरतो. फेब्रुवारी-मार्च २०२१ मध्ये एका जागी गर्दी नको म्हणून तो तिरुवनंतपुरम, कोची, थलस्सेरी आणि पालक्काड अशा चार ठिकाणी पाळीपाळीने भरवला गेला. ज्यांना राजधानी लांब पडत होती त्यांच्या जवळ महोत्सव आला. लोक सभागृहातच बसले, पण प्रवास थोडा महोत्सवानेही केला.

कोल्हापूरला हे जमणार नाही का? कलामहर्षी बाबूराव पेंटर फिल्म सोसायटीचा कोल्हापूर आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनात भरत आला आहे. त्याच चौकात मुस्लिम बोर्डिंग आहे. मुसलमान मुलांनी शिकावे म्हणून राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ मध्ये ते सुरू केले. त्या काळी खेड्यातल्या मुलाला कोल्हापूर लांब होते, म्हणून महाराजांनी त्याच्या राहण्याची सोय केली. आज खेड्यातल्या बाईला कोल्हापूर लांब आहे, तर तिच्यासाठीही कुणीतरी सोय करायला हवी.

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. महोत्सवातले निवडक चार-पाच चित्रपट नंतर तालुक्याच्या गावी आणि बिद्रीसारख्या ठिकाणी दाखवावेत. आमच्याकडे दूधसाखर महाविद्यालय आहे, एक पडदा आणि एक प्रोजेक्टर यांची व्यवस्था तिथे अवघड नाही. खेळ दुपारी दोन ते पाच असावा, म्हणजे बायकांना घरचे आवरून येता येईल आणि दिवसाउजेडी परतता येईल. इंग्रजी अक्षरांच्या जोडीला मराठी अक्षरे द्यावीत. ते जमत नसेल तर माइकवर मराठीत वाचून दाखवणारी एखादी मुलगी बसवावी. आमच्या पुतणीने वर्षभर ते काम फुकट केले आहे. आणि परवानगी मिळेल तेवढे थोडे चित्रपट ऑनलाइनही राहू द्यावेत, कारण दादीला आता दुपारच्या खेळालाही जाता येत नाही.

आपल्या बाजूनेही काही करायचे आहे. महोत्सवांची नावनोंदणी बरीच आधी सुरू होते आणि विद्यार्थ्यांना सहसा सवलत असते. कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींनी तिचा फायदा घ्यावा. मोहल्ल्यातल्या पाच-सहा घरांनी मिळून एक गाडी केली तर बायकांना कोल्हापूरला एक दिवस नेऊन आणणे खर्चालाही जड नाही. लग्नाला जाताना आपण हे सहज करतो. यंदा कोल्हापूरच्या महोत्सवाचे वेळापत्रक आले की आम्ही बिद्रीतल्या चार घरांनी एक दिवस ठरवायचे असे बोलणे झाले आहे. गाडीत पहिली जागा अम्मीची आणि दुसरी भाभीची.