रतीब लावला, पण दूध येतंय का? सोशल नेटवर्कच्या तात्काळ सूचना सांभाळताना

एखाद्या सोशल नेटवर्ककडून आपल्या प्रोग्रामला ताजी माहिती कशी मिळते, आणि ती मिळत राहील याची काळजी कशी घ्यायची, हा आजचा विषय. उदाहरण फेसबुकच्या ग्राफ एपीआयचं घेऊ. इतरांचे तपशील वेगळे असले तरी कल्पना बहुतेक ठिकाणी अशीच आहे.

आधी ही सोय आली कशासाठी ते पाहू. २००८ साली फ्रेंडफीड नावाची एक सेवा होती. तुमचे मित्र वेगवेगळ्या साइटवर काय करताहेत, ते ती एका जागी दाखवायची. त्यासाठी तिला फ्लिकरला सारखं विचारावं लागायचं, ‘नवा फोटो आला का?’ फ्लिकरच्या मंडळींनी त्याच वर्षी एका परिषदेत आकडे मांडले. २१ जुलै या एका दिवसात फ्रेंडफीडने फ्लिकरकडे २९ लाख वेळा चौकशी केली. ती ४५,७५४ लोकांसाठी होती, आणि त्यातल्या फक्त ६,७२१ जणांनी त्या दिवशी फोटो टाकला असण्याची शक्यता होती. म्हणजे माणशी साठावर खेपा, आणि बहुतेक रिकाम्या हाताने परत.

दूध आलं का म्हणून आपण दर पाच मिनिटांनी डेअरीवर जात नाही, रतीब लावतो. तात्काळ सूचनांचं सबस्क्रिप्शन म्हणजे असा रतीबच. आपण नेटवर्कला आपल्या सर्व्हरचा पत्ता देतो आणि सांगतो, काही बदललं की इथे कळवा. या पद्धतीला वेबहूक म्हणतात.

समजा, एका दुकानाचं फेसबुक पेज आहे. गिऱ्हाईक तिथे विचारतं, ‘हा माल शिल्लक आहे का?’ आणि दुकानदाराला ते लगेच कळायला हवं. त्यासाठी आपलं ॲप ‘सबस्क्रिप्शन्स’ या पत्त्यावर पोस्ट विनंती पाठवतं. तिच्यात चार गोष्टी असतात: कशावर लक्ष ठेवायचं (इथे पेज), त्यातल्या कुठल्या फील्ड हव्यात, सूचना कुठे पाठवायची, आणि आपण ठरवलेला एक परवलीचा शब्द. सोबत ॲपचं ॲक्सेस टोकन.

त्यावर फेसबुक आधी पत्ता तपासतं. ते आपल्या सर्व्हरला गेट विनंती करतं. तिच्यात तोच परवलीचा शब्द असतो आणि ‘हब डॉट चॅलेंज’ नावाने एक मूल्य असतं. शब्द जुळला तर आपण ते मूल्य जसंच्या तसं परत करायचं, पुढेमागे काही न लावता. पीएचपी वापरणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा, ती भाषा नावातल्या डॉटचा अंडरस्कोर करते. ‘हब डॉट चॅलेंज’ शोधत बसलात तर ते कधीच सापडणार नाही! पत्ता एचटीटीपीएसचाच हवा, आणि स्वतःच सही केलेलं प्रमाणपत्र चालत नाही.

इथपर्यंत बहुतेक जण तासाभरात पोचतात. खरं काम यापुढे आहे.

हे सबस्क्रिप्शन ॲपचं झालं. पेजचं अजून झालेलं नाही. प्रत्येक पेजसाठी, त्या पेजच्या टोकनने, ‘सबस्क्राइब्ड ॲप्स’ या पत्त्यावर वेगळी नोंद करावी लागते. डेअरीशी करार झाला, पण कुठल्या घराचं दूध हे सांगायचं राहिलं, तशी गत. शिवाय ॲप प्रकाशित झालेलं नसेल तर खऱ्या सूचना मिळतील असं धरून चालू नका.

आता या सगळ्यातली अवघड गोष्ट. यातलं काहीही निसटलं तर चूक दाखवणारा संदेश येत नाही. काहीच येत नाही. पेजच्या मालकाने ॲपची परवानगी काढली, तरी ॲपचं सबस्क्रिप्शन यादीत व्यवस्थित दिसत राहतं, फक्त त्या पेजकडून सूचना यायच्या थांबतात. पूर्वीच्या पद्धतीत आपण विचारायला जायचो, तेव्हा दार बंद असेल तर समजायचं. इथे शांततेचे दोन अर्थ होतात: आज कोणी काही विचारलं नाही, किंवा विचारलंय आणि आपल्यापर्यंत पोचलं नाही. दुकानदाराला दोन्ही सारखेच दिसतात. दिवाळीच्या आठवड्यात ही शांतता त्याला महागात पडते.

सर्व्हर बंद पडला तर काय? आपण २०० हे उत्तर दिलं नाही, तर फेसबुक लगेच पुन्हा प्रयत्न करतं, मग हळूहळू अंतर वाढवत साधारण ३६ तास. त्यानंतर ती सूचना सोडून दिली जाते. मेसेंजरच्या बाबतीत तर सर्व्हर बराच काळ बंद राहिला की पेजची नोंदच काढली जाऊ शकते, आणि सर्व्हर दुरुस्त झाल्यावर ती आपल्यालाच पुन्हा करावी लागते. म्हणून सूचना आली की आधी ती नोंदवून ठेवायची, ताबडतोब २०० द्यायचं, आणि बाकीचं काम मागाहून. उत्तर उशिरा गेलं तर तीच सूचना दुसऱ्यांदा येईल, तेव्हा दुहेरी नोंद ओळखणं आपल्याकडे आलं. शिवाय एका खेपेत अनेक बदल एकत्र येऊ शकतात, हजारापर्यंत.

आमचं मत विचाराल तर, सूचनेला इशारा समजावं, हिशोबाची वही समजू नये. रोज एकदा दोन्ही याद्या, ॲपची आणि प्रत्येक पेजची, गेट विनंतीने मागवून आपल्या नोंदींशी ताडून पाहाव्यात. आणि पेजवरच्या अलीकडच्या कमेंट थेट मागवून कुठली सुटली ते बघावं. म्हणजे पुन्हा डेअरीवर जायचं का? हो, पण दिवसातून एकदा. २९ लाख वेळा नाही.

दुसरा धोका उलट दिशेचा. आपला पत्ता इंटरनेटवर उघडा आहे, तिथे कोणीही खोटी सूचना टाकू शकतं. म्हणून फेसबुक प्रत्येक सूचनेसोबत एका हेडरमध्ये सही पाठवतं. ॲपचं गुप्त सीक्रेट वापरून, आलेल्या मजकुरावर एसएचए-२५६ पद्धतीने ती काढलेली असते. आपणही तशीच काढायची आणि ताडून बघायची.

इथे मराठी मजकूर हमखास पाय अडकवतो. सही मजकुराच्या ज्या रूपावर काढलेली असते, त्यात देवनागरी अक्षरं थेट नसतात, त्यांचे युनिकोड क्रमांक असतात. ‘क’चा ०९१५. काही क्रमांकांत इंग्रजी अक्षरंही येतात, आणि ती लहान लिपीत असतात. तुम्ही मजकूर उलगडून पुन्हा बांधलात आणि त्यावर सही काढलीत, तर इंग्रजी कमेंटला ती जुळेल, मराठीला जुळणार नाही. म्हणजे चाचणीत सगळं ठीक आणि पहिल्या ‘किंमत काय?’ला गोंधळ. उपाय सोपा आहे, आलेले बाइट हात न लावता तपासायचे, आणि मगच उलगडायचे.

आता आलेल्या प्रश्नांपैकी एक घेऊ: चाचणीचा सर्व्हर आणि खरा सर्व्हर, दोन्हीकडे सूचना मागवता येतात का? एका ॲपला पेजसाठी असा एकच पत्ता देता येतो. दुसरा नोंदवलात तर पहिला पुसला जातो, तोही विनातक्रार. टीममधल्या कोणी रात्री आपल्या लॅपटॉपकडे नेणारा तात्पुरता पत्ता नोंदवला, की सकाळी दुकानदाराकडे शांतता. तेव्हा चाचणीसाठी ॲपच वेगळं करा, त्याचं सीक्रेट वेगळं, परवलीचा शब्द वेगळा, आणि त्याला जोडायचं पेजही वेगळं. काम संपलं की डिलीट विनंती पाठवून ते सबस्क्रिप्शन काढून टाका.