डिसेंबरातील पणजी

आमचे वडील ब्याडगी मिरचीचे व्यापारी. एका डिसेंबरात उधारी वसूल करण्यासाठी ते पणजीला निघाले. मीही सोबत होतो. धारवाडच्या थंडीत घातलेला स्वेटर अनमोड घाट उतरताच काढावा लागला.

२ तारखेला दुपारी दोन वाजता पोहोचलो, तो दुकान बंद! तेथे अनेक दुकाने दुपारी एकच्या सुमारास मिटतात, ती साडेतीन-चारला उघडतात. संध्याकाळी दुकानदार म्हणाले, "उद्या फेस्त, बँक बंद. परवा या." मुक्काम वाढला. पर्यटकांच्या गर्दीत खोलीही महाग मिळाली. मिरचीतला नफा भाड्यात गेला.

वाणिज्य शाखेच्या मित्रांनी म्हणून आधी दिनदर्शिका पाहावी. डिसेंबरात ३ तारखेला संत फ्रान्सिस झेवियरचे फेस्त, ८ ला पणजीच्या चर्चचे, १९ ला गोवा मुक्तिदिन (१९६१), २५ ला नाताळ.

१८४३ पासून राजधानी असलेले हे शहर पायी हिंडण्याएवढे लहान आहे. परंतु सचिवालय व विधानसभा मांडवीपलीकडे पर्वरीला आणि जवळचे रेल्वे स्थानक करमळीला. सरकारी कागदाचे काम असल्यास सकाळीच पूल ओलांडावा.

वडील अजूनही डिसेंबरात पणजीला जातात. मात्र आधी दुकानदारांना विचारून तारीख ठरवतात.