भट्टीवर जाताना लिथियमची गोळी

भातकापणी उरकत आली. दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरून लोक भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर निघतील. म्हणून आज बचतीचा हिशोब बाजूला ठेवून आम्ही एका गोळीबद्दल बोलणार आहोत.

आमच्या गटातल्या एका बाईला बायपोलर आजार आहे. तीच म्हणाली, नाव घेऊ नका, पण सांगा. या आजारात कधी रात्र-रात्र झोप नसते तरी माणूस थकत नाही, सारखा बोलतो, पैसे उधळतो, भांडतो. कधी तोच माणूस महिनाभर कोपऱ्यात बसून राहतो, जेवण नको, मरणाचे विचार येतात. घरच्यांना वाटले बाहेरचे काही लागले. भगत झाला. भगताला आम्ही नावे ठेवत नाही, पण त्यासाठी डॉक्टरांची गोळी बंद करू नका.

तिला लिथियम सुरू झाले आणि ती पुन्हा लावणीला, बैठकीला येऊ लागली. औषध जुनेच आहे. ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड या डॉक्टरांनी १९४९ साली या आजारावर त्याचा गुण लिहून ठेवला. पण त्याचे माप फार अरुंद. रक्तातले प्रमाण साधारण ०.६ ते १.० असावे लागते. कमी पडले तर गुण नाही, वाढले तर तेच विष होते.

भट्टीवर नेमके तेच झाले. दिवसभर उन्हात विटा थापायच्या, घाम गळतो, पाणी पुरेसे नाही. अंग दुखते म्हणून दुकानातून दुखीची गोळी आणली, रोज घेतली. आठ-दहा दिवसांत हात जोरात थरथरू लागले, उलट्या-जुलाब, बोलणे जड, चालताना तोल जाई. लोक म्हणाले, दारू प्यायली. तिने आयुष्यात कधी थेंब घेतला नाही!

असे का होते? आपले मूत्रपिंड लिथियमला मिठासारखेच वागवते. घामाने, जुलाबाने अंगातले मीठ-पाणी कमी झाले की ते मीठ धरून ठेवते, त्याबरोबर लिथियमही अडकते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या दुखीच्या गोळ्यांनी आणि ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांनीही ते साठते. दुखत असेल तर पॅरासिटामॉल साधारणपणे चालते, तरी विचारून घ्या. मीठ अचानक तोडू नका, पाणी भरपूर प्या. वर सांगितलेली लक्षणे दिसली तर पुढची गोळी न देता लगेच दवाखान्यात न्या आणि लिथियम चालू आहे हे आधी सांगा.

ती वाचली. पण घाबरून घरच्यांनी गोळ्या कायमच्या बंद केल्या, डॉक्टरांना न विचारता. शिमग्यापर्यंत आजार उलटला. लिथियम असे एकदम सोडले की आजार जोराने परततो.

आता तपासणीचे. गोळी सुरू केल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर साधारण आठवड्याने रक्त तपासतात. पुढे प्रमाण स्थिर झाले की तीन ते सहा महिन्यांनी. रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचे. म्हणजे रात्री नऊला गोळी, तर सकाळी नऊला रक्त, आणि सकाळची गोळी त्यानंतर. थायरॉईड आणि मूत्रपिंडाची तपासणी सहा महिन्यांनी. लिथियमची तपासणी सगळीकडे होत नाही, कुठे होईल ते डॉक्टरांना आधीच विचारा. कुणाला व्हॅल्प्रोएट चालू असेल आणि मूल होण्याचे वय असेल तर डॉक्टरांशी बोलाच, त्याने पोटातल्या बाळाला अपाय होतो. लिथियम घेणाऱ्या बाईनेही दिवस राहण्याआधी विचारावे.

उचल घेण्याआधी जामसरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयात जाऊन पुढच्या गोळ्यांची आणि तपासणीची सोय विचारा. चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. भट्टीवर अडचण आली तर १४४१६ वर फोन करा. टेलिमानस ही सरकारी सेवा दिवसरात्र आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येते.

आमच्या गटाने तिच्या तपासणीच्या तारखा वहीत, हप्त्यांच्याच पानावर लिहिल्यात. जाण्यायेण्याचे भाडे अंतर्गत कर्जातून, त्यावर व्याज नाही. त्यावरून बैठकीत बरीच वादावादी झाली, पण ठराव झाला. यंदा ती पुन्हा भट्टीवर जाणार आहे, सोबत तिची जाऊ असेल. वही आम्ही जावेकडे दिली आहे.