जुन्या वनस्पतिचित्रांतून ओळखा परसबागेतील विषारी फुले



अंगणात कण्हेर, कुंपणाला बिट्टी आणि पावसाळ्यात बांधावर कळलावी ही फुले आपल्या नेहमीच्या पाहण्यातील आहेत. ती दिसावयास सुंदर असली तरी तिन्ही झाडे विषारी आहेत. नुसते फूल पाहून ही जाणीव होत नाही. त्यासाठी संपूर्ण झाड पाहावे लागते. जुन्या वनस्पतिचित्रकारांची हीच पद्धत होती.

चित्रांची परंपरा : छायाचित्रण नव्हते त्या काळी वनस्पतींची ओळख चित्रांवरून पटविली जाई. डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हीड यांनी तयार करविलेला 'हॉर्टस मलबारिकस' हा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात अॅमस्टरडॅम येथे १२ खंडांत प्रसिद्ध झाला. इट्टी अच्युतन या मलबारी वैद्यांप्रमाणेच रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट या कोकणी वैद्यांनीही त्यासाठी माहिती दिली. त्यात कण्हेर व कळलावी यांचा समावेश आहे. इंग्लंडमध्ये डॉ. विल्यम विदरिंग यांनी १७८५ साली डिजिटॅलिस या शोभेच्या फुलझाडावर पुस्तक लिहिले व त्यात त्याचे रंगीत चित्र दिले. हे झाड औषधी आहे. परंतु मात्रा जास्त झाल्यास उलट्या होतात व नाडी मंदावते, हे त्यांनी त्यात नोंदविले. आपल्या कण्हेर व बिट्टीतील विषही हृदयावर असाच परिणाम करते.

अशा चित्रांत फुलाबरोबर पान, फळ व बी, तर काही वेळा मूळही दाखविलेले असते. आपणही याच क्रमाने झाड पाहावे.

१) कळलावी : पाकळ्या लाल-पिवळ्या व नागमोडी कडांच्या, पानांची टोके वेलतंतूसारखी वळलेली. कंद नांगराच्या आकाराचा असतो, म्हणूनच संस्कृतात 'लांगली' हे नाव पडले. कंद व बियांमध्ये कोल्चिसीन हे विष असते. रताळे समजून कंद खाल्ल्यास जीव जाऊ शकतो.

२) कण्हेर : पाने लांबट, चिवट, बहुधा तीन-तीनच्या फेऱ्यात. शेंगा लांब व बारीक. सर्व भाग विषारी असून पाने वाळल्यावरही विष टिकते. हिरवी पाने कडू असल्याने जनावरे सहसा टाळतात. मात्र छाटणीची सुकलेली पाने चाऱ्यात मिसळली तर खाल्ली जातात.

३) बिट्टी : मूळची अमेरिकेतील. फुले पिवळी, घंटेसारखी. हिरव्या फळात कठीण आठळी असते. मुले ती खेळावयास घेतात, पण आतील बी सर्वांत घातक असते.

काळजी कशी घ्यावी ?
* कण्हेरीची छाटणी गोठ्याजवळ किंवा गव्हाणीजवळ टाकू नये. जाळूही नये, खोल पुरावी.
* कळलावीचा कंद काढल्यावर हात स्वच्छ धुवावेत.
* अंगणात लहान मुले असल्यास बिट्टीची फळे वेळीच काढून टाकावीत.
* विषबाधेची शंका येताच घरगुती उपाय न करता रुग्णास तात्काळ रुग्णालयात न्यावे. जनावर असल्यास पशुवैद्यकास बोलवावे.

जाताना त्या झाडाची पान, फूल, फळासह फांदी पिशवीत घालून सोबत न्यावी. कळलावी असल्यास कंदही न्यावा. त्यावरून डॉक्टरांना विष लवकर ओळखता येईल व उपचारास लागणारा वेळ वाचेल.