सोयाबीन निघू द्या, मॅडम

परभणीत दुकान थाटायचं तर ते दसऱ्याच्या आधी थाटावं. त्या सुमारास सोयाबीन मोंढ्यावर येतं, मागोमाग कापसाचे पैसे सुटतात आणि एरवी दुपारी निवांत असणारे गांधी पार्क, कच्ची बाजार, स्टेशन रोड असे फुलतात, की गाडी बाजूला लावून पायीच निघावं लागतं. कापडचोपड, सोनं, मोटारसायकल, पोरांची तुंबलेली फी, किराण्याची उधारी, सगळं त्या दीड-दोन महिन्यांत मार्गी लागतं.

मी मूळची ठाण्याची. बँकेतल्या बदलीने इथे आले आणि मुदत संपल्यावर विनंती करून इथेच राहिले. ठाण्यात आमच्या घरचा हिशोब एक तारखेला सुरू व्हायचा आणि महिनाअखेरीला संपायचा. इथे शेजाऱ्यांचा हिशोब मृगाला सुरू होतो. जुलै-ऑगस्टमध्ये शिंप्याला विचारा, शिकवणीवाल्या सरांना विचारा, फर्निचरच्या दुकानात विचारा, धंदा कसा आहे म्हणून. उत्तर एकच: "सोयाबीन निघू द्या, मॅडम, मंग बघू." बियाणं, खत, फवारणी यांत घरातली रोकड गेलेली असते आणि परत यायला दसरा उजाडावा लागतो. मधले तीन महिने गाव उधारीवर चालतं, आणि उधारी ओळखीवर.

हे खेड्याचं वर्णन वाटेल, पण २०११च्या जनगणनेत परभणी शहराची लोकसंख्या तीन लाखांच्या वर होती आणि त्याच वर्षी इथे महानगरपालिका झाली. फक्त हजारो माणसांना पगार देणारा मोठा कारखाना इथे नाही. कलेक्टर कचेरी, शाळा-कॉलेजं, दवाखाने, बँका आणि कृषी विद्यापीठ एवढेच काय ते पगाराचे झरे. बाकी सगळं जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांतल्या शेतीवर. पगारदार माणसाचाही एक पाय गावाकडे असतो. आमचे घरमालक काका नोकरीतून निवृत्त झालेले, तरी पावसाळ्यात सकाळी पहिला फोन भावाला: "पडला का तिकडं?" त्या उत्तरावर त्यांचा अख्खा दिवस ठरतो. बँकेत मला हेच कागदावर दिसतं. पाऊस ओढ देतो त्या वर्षी मार्चअखेर पीककर्जाचं नवं-जुनं करायला येणाऱ्यांचे चेहरे वेगळे असतात, आणि त्यांतले कित्येक चेहरे माझ्या गल्लीतलेच असतात.

विद्यापीठ १८ मे १९७२चं. पूर्वी ते मराठवाडा कृषी विद्यापीठ होतं, आता वसंतराव नाईक यांचं नाव त्याला आहे. नव्याने आलेल्या माणसाला मी एकच सांगते, १८ मेचा खरीप मेळावा आणि १७ सप्टेंबरचा रब्बी मेळावा चुकवू नका. बियाण्यासाठी लांबलांबून शेतकरी येतात. भेंडीची 'परभणी क्रांती' ही जात पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या रोगाला तोंड देणारी म्हणून देशभर गेली. ज्वारीची 'परभणी मोती' नावाप्रमाणे टपोरी. करडईचीही इथली जात आहे, 'परभणी कुसुम'. ज्या गावाचं नाव पिकांच्या जातींना लागतं, तिथे बीज हा घरगुती गप्पांचा विषय असणारच. माझ्या मुलाला सोयाबीनच्या वाणांचे आकडे पाठ आहेत, आणि ते मला मनापासून आवडतं.

घर घ्यायचा विचार असेल तर आधी जमीन समजून घ्या. ही काळी, चिकण माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. पाया वरवरचा असेल तर भिंती तडकतात. म्हणून इथले जाणते मिस्त्री मुरूम लागेपर्यंत खणायला लावतात आणि जोत्यात काळी माती न भरता मुरूम भरतात. नळाला रोज पाणी येत नाही, बोअरचं पाणी जड आहे. त्यामुळे टाकी मोठी बांधायची आणि प्यायला जार आणायचा, हे गृहीतच धरावं.

मे महिना सोसणं कठीण. थंडीसाठी मात्र परभणी पेपरात असते. डिसेंबर २०१८च्या शेवटी विद्यापीठाच्या परिसरात पारा ३ अंशांपर्यंत उतरला होता. त्याच दिवसांत हुरडा येतो. सकाळच्या नाश्त्याला पोह्यांऐवजी चुरमुऱ्यांचा सुशीला असतो. २ फेब्रुवारीपासून तुराबुल हक साहेबांच्या दर्ग्याचा ऊरूस भरतो. तूर विकून झालेली असते, हरभरा शेतात असतो, आणि पाळण्यांच्या रांगेत सगळी परभणी दिसते. साहित्याचं म्हणाल तर हे बी. रघुनाथांचं गाव. १९९५चं अखिल भारतीय संमेलन, नारायण सुर्व्यांच्या अध्यक्षतेखालचं, इथेच झालं.

रेल्वे ही इथली मोठी सोय. निजामाच्या काळात टाकलेल्या मनमाड-हैदराबाद मार्गावर परभणी जंक्शन आहे. इथून परळीचा फाटा फुटतो, आणि रात्री देवगिरी किंवा नंदीग्रामने निघालं की सकाळी मुंबई. दुखणं मोठं असेल तर माणसं अजूनही नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरला पळतात. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आता सुरू झालंय, तरी म्हातारे आईवडील बरोबर आणणाऱ्याने याचा विचार आधी करावा.

मुंबईकडे जाणाऱ्या या रेल्वेगाड्यांबद्दल मला एक सांगायचं आहे. बदलीवर येणारे आमच्यासारखे पुष्कळ जण कुटुंब पुण्यात किंवा संभाजीनगरला ठेवतात, इथे एक खोली घेतात आणि शुक्रवारी संध्याकाळी स्टेशन गाठतात. नांदेडचे तर रोजच अप-डाउन करतात. प्रत्येकाची अडचण खरी असते. मुलांचं शिक्षण, नवऱ्याची किंवा बायकोची नोकरी. पण पीक शेतात उभं असतं तेव्हा या गावात हुकमी पैसा असतो तो फक्त पगाराचा, आणि तोच गाडीत बसून बाहेर जातो. शिकवणीची फी, किराणा, भाजी, दवाखाना, कपडे, सगळं दुसऱ्या शहरात. ज्या महिन्यांत शिंप्याचं मशीन थांबलेलं असतं, नेमक्या त्याच महिन्यांत.

आम्ही मुलांना इथल्या शाळेत घातलं. दिवाळीचे कपडे मी ऑगस्टमध्ये शिवायला टाकते, गाद्या-कपाटाची खरेदी श्रावणात करते, शिकवणीची वर्षाची फी जुलैतच भरते. शाखेतल्या दोन सहकाऱ्यांनीही यंदा घर इथे आणलं आहे.