तीन पत्तीतील पैशांचे व्यवहार

तीन पत्तीच्या घरगुती बैठकीत पैसे मांडणे, वाढवणे आणि अखेरीस हिशेब चुकता करणे यांविषयी काही संकेत रूढ आहेत. तीन पत्ती हा ५२ पत्त्यांच्या कॅटने खेळला जाणारा, पोकरशी साधर्म्य असलेला खेळ आहे. महाराष्ट्रातील अनेक घरांत तो दिवाळीच्या सुमारास खेळला जातो. त्याचे तपशील घरोघरी बदलतात.

डावातील रक्कम

पाने वाटण्यापूर्वी प्रत्येक खेळाडू ठरावीक रक्कम मध्यभागी ठेवतो. तिला 'बूट' म्हणतात. पाने न पाहता खेळणारा 'ब्लाइंड' आणि पाहून खेळणारा 'सीन' म्हणून ओळखला जातो. प्रचलित पद्धतीत ब्लाइंड खेळाडू चालू रकमेइतकी किंवा तिच्या दुपटीपर्यंत रक्कम लावतो; सीन खेळाडूस दुप्पट ते चौपट रक्कम लावावी लागते. ब्लाइंड खेळाडूने लावलेली रक्कम किंवा सीन खेळाडूने लावलेल्या रकमेचा निम्मा भाग ही पुढील चालू रक्कम ठरते. डाव सोडणाऱ्यास लावलेले पैसे परत मिळत नाहीत. २ रुपयांची चालू रक्कम सहा वेळा दुप्पट झाल्यास १२८ रुपये होते. म्हणून चालीची आणि एका डावातील एकूण रकमेची कमाल मर्यादा आधीच ठरवली जाते.

बैठकीचा हिशेब

पोकरच्या सर्वसाधारण नियमानुसार डाव चालू असताना समोरील रकमेत भर घालता येत नाही. पारंपरिक तीन पत्तीत असा अटकाव नसल्याने खिशातील, प्रसंगी उसनी रक्कमही डावात उतरते. यावर उपाय म्हणून काही बैठकींत सर्वजण सुरुवातीस समान रक्कम एकाच व्यक्तीकडे जमा करून टोकन घेतात आणि नवी टोकने फक्त दोन डावांच्या मधे दिली जातात. सहा जणांनी प्रत्येकी १०० रुपये भरले व दोघांनी पुन्हा १०० रुपये घातले, तर अखेरीस टोकनांची बेरीज ८०० रुपयेच यावयास हवी.

कायदेशीर बाजू

भारतीय संविदा अधिनियम, १८७२ च्या कलम ३० नुसार पैजेचा करार शून्य असतो. उधारीवर जिंकलेली रक्कम दावा लावून वसूल करता येत नाही. त्यामुळे उधारीचा डाव केवळ परस्परविश्वासावर उभा असतो आणि देणे थकल्यास नातेसंबंधच पणाला लागतात. जागेचा मालक किंवा ताबेदार खेळातून स्वतःसाठी नफा घेत असल्यास, १८८७ च्या महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक अधिनियमानुसार ती जागा सार्वजनिक जुगारगृह ठरू शकते. मुंबईसारख्या महानगरास आणि मोखाड्यासारख्या डोंगरी तालुक्यास हाच अधिनियम लागू आहे. केवळ कौशल्याच्या खेळांना त्यात सूट आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचे मानताना, तो तीन पत्त्यांच्या खेळासारखा पूर्णतः नशिबावर अवलंबून नाही, असा भेद केला होता.