पत्राची ओळख

मुलांनो, जिजाऊंचे जन्मगाव सिंदखेडराजा आपल्या बुलढाणा जिल्ह्यात आहे, हे तुम्ही जाणताच. त्यांच्या पुत्राचे, शिवछत्रपतींचे, एखादे अस्सल पत्र पाहण्याचा योग आला तर त्याच्या अखेरीकडे अवश्य लक्ष द्या. मजकूर जेथे संपतो, तेथे एक लहानसा शिक्का असतो व त्यावर 'मर्यादेयं विराजते' अशी अक्षरे असतात. लेखनाची सीमा येथे झाली, असा त्याचा भावार्थ. या शिक्क्यास मोर्तब म्हणत. त्याखाली कोणी लबाडाने एखादी ओळ घुसडली, तरी ती उघडी पडे.

आजचे पत्र ई-मेलच्या रूपाने निमिषार्धात सातासमुद्रापलीकडे जाते. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन या अमेरिकी अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्या संगणकाकडे पत्र धाडण्याची युक्ती सिद्ध केली आणि पत्त्यात 'ॲट' हे वळशाचे चिन्ह योजिले. चिन्हाच्या आधी व्यक्तीचे नाव, नंतर तिच्या संगणकाचे. त्या काळी या जाळ्यात थोडीच संशोधक मंडळी होती. पाठविणारा खरा की तोतया, हे पाहण्याची गरज कोणास भासली नाही. पुढे काही तपासण्या जोडल्या गेल्या, परंतु त्या सर्वत्र सारख्या कडक नाहीत. पाकिटावर 'प्रेषक' म्हणून कोणीही कोणाचेही नाव लिहावे आणि पोस्टमनने ते मुकाट्याने पोहोचवावे, तसाच काहीसा हा प्रकार आहे.

याचा परिणाम केवढा होतो पाहा. जानेवारी २०१५ मध्ये बांगलादेशाच्या मध्यवर्ती बँकेतील कर्मचाऱ्यांना नोकरी मागणाऱ्या एका मनुष्याचे मोठे अदबशीर पत्र आले. आपली माहिती पाहावी, अशी त्यात विनंती होती. ती पाहण्याच्या निमित्ताने चोरांची आज्ञावली बँकेच्या संगणकांत शिरली. सुमारे वर्षभर चोर आत दबा धरून बसले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यांनी बँकेच्या नावाने न्यूयॉर्कला सुमारे ९५ कोटी डॉलरची मागणी धाडली. ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपाईन्समध्ये गेले. श्रीलंकेकडे निघालेले २ कोटी डॉलर मात्र वाचले, कारण 'फाउंडेशन' हा शब्द चोरांनी चुकीचा लिहिला होता व वाटेतील एका बँकेस शंका आली! शुद्धलेखनाने काय होते, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यांना मी हीच गोष्ट सांगत असे. अर्थात आता यंत्रे निर्दोष पत्रे लिहून देतात. तेव्हा भाषा शुद्ध आहे एवढ्यावरून पत्र खरे मानणे धोक्याचे आहे.

ही परदेशची गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. खामगाव-मलकापूरकडे कापूस विकला की त्याचा चुकारा बँकेत जमा होतो, आणि वडिलांचा भ्रमणध्वनी बहुधा तुम्हीच हाताळता. 'शिष्यवृत्ती मंजूर झाली आहे. आजच खाते क्रमांक व परवलीचा शब्द कळवा, अन्यथा ती रद्द होईल,' असे पत्र आले तर वर्षाची कमाई तुमच्या एका बोटावर येऊन ठेपते. अशा वेळी पत्त्याचा शेवट पाहावा. सरकारी कार्यालयांचे पत्ते बहुधा 'जीओव्ही डॉट इन' अथवा 'एनआयसी डॉट इन' असे संपतात. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांना आपली संकेतस्थळे 'बँक डॉट इन' या शेवटाखाली नेण्यास फर्माविले. बँकेचे नाव मध्येच कोठेतरी आणि शेवट भलताच, तर तो तोतया समजावा. पत्ता बरोबर दिसला तरीही पत्रातील दुव्यावर बोट ठेवू नये. पासबुकावरील क्रमांकावर विचारावे किंवा शाखेत जावे. गडाच्या पहारेकऱ्याची परवल जशी बाहेर फुटू देत नसत, तसाच हा परवलीचा शब्द. खरी बँक तो कधी विचारीत नाही.

इतके करूनही फसगत झाली, तर ती लपवू नका. मार बसेल या भीतीने दोन दिवस गप्प राहिलेले मूल मी पाहिले आहे; त्या दोन दिवसांत पैसा हाती लागेनासा झाला. चोर रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात झपाट्याने फिरवितात, म्हणून वडीलधाऱ्यांना सांगून तत्काळ १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. रक्कम वाटेत असेल तर गोठविता येते. आणि ते पत्र पुसून टाकू नये. ते कोणकोणत्या संगणकांतून आले, याची नोंद त्याच्या पोटात दडलेली असते. पोलिसांना तीच हवी असते.